चापावरील बोटाचे वय

माणसाच्या वयाविषयी मराठी भाषेने दोन निकाल फार पूर्वीच देऊन ठेवले आहेत. एक ‘गद्धेपंचविशी’चा आणि दुसरा ‘साठी बुद्धी नाठी’ हा. विशी-पंचविशीपर्यंत माणसाला पोच येत नाही आणि साठीनंतर ती टिकत नाही, असा या दोहोंचा एकत्रित अर्थ. मधल्या तीस-पस्तीस वर्षांबद्दल भाषा गप्प आहे. त्या वयातला माणूस घरचा ‘कर्ता’ असतो, आणि कर्त्याच्या शहाणपणाविषयी शंका घेणारी म्हण काढण्याचे धाडस कोणी केले नसावे.

घरातल्या लहानसहान चुकांसाठी हे दोन्ही निकाल सोयीचे आहेत. पोराने मोटारसायकल आपटली किंवा आजोबांनी भरल्या पंगतीत कोणाचा पाणउतारा केला, तर म्हण उच्चारावी आणि विषय मिटवावा. अशा म्हणीत राग थोडा असतो, क्षमा अधिक असते. परंतु अपराध लहानसहान नसेल तर? कोणी शाळेत, बाजारात किंवा आगगाडीच्या डब्यात शिरतो आणि ज्यांच्याशी त्याचे काही वैर नाही अशा माणसांवर गोळ्या झाडतो. अशी बातमी आली की आपण पहिल्यांदा मृतांचा आकडा विचारतो आणि लगेच दुसरा प्रश्न येतो: ‘वय काय हो त्याचे?’ या दुसऱ्या प्रश्नाचे आम्हांला नेहमी नवल वाटते. वय कळल्याने आपल्याला नेमके काय कळते? की ते कळल्याने काही विचारायचे टळते?

प्रथम, वय काय सांगते ते पाहू. दुर्दैवाने या विषयाची सर्वांत मोठी नोंदवही अमेरिकेची आहे. सार्वजनिक ठिकाणी चार किंवा अधिक माणसे मारली गेली, अशा घटनांची १९६६ पासूनची मोजदाद तेथील अभ्यासकांनी केली आहे. मारेकरी जवळजवळ सारे पुरुष. शाळांत गोळ्या झाडणारे बहुतांशी किशोरवयीन, आणि बहुधा त्याच शाळेचे आजी किंवा माजी विद्यार्थी. १९९९ च्या २० एप्रिलला कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार करणारे दोघे अठरा आणि सतरा वर्षांचे होते. २०१२ साली सँडी हूक येथे वीस बालके आणि सहा शाळा-कर्मचारी मारणारा वीस वर्षांचा होता. २०२२ च्या मे महिन्यात उवाल्डी येथे एकोणीस मुले आणि दोन शिक्षिका यांचा बळी घेणाऱ्याने नुकतीच अठरा वर्षे पूर्ण केली होती, आणि त्या वाढदिवसानंतर लगेच त्याने बंदुका विकत घेतल्या होत्या. येथवर गद्धेपंचविशीचा निकाल खरा ठरल्यासारखा वाटतो.

पण वही पुढे चाळली की चित्र पालटते. २०१७ साली लास व्हेगासच्या हॉटेलातून संगीताच्या जलशावर गोळ्यांचा वर्षाव करणारा चौसष्ट वर्षांचा होता. त्यात साठ माणसे गेली आणि त्याने तसे का केले याचे उत्तर पोलिसांना शेवटपर्यंत सापडले नाही. २०२३ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील माँटेरी पार्क येथे नृत्यशाळेत अकरा जणांना मारणारा बहात्तर वर्षांचा म्हातारा होता. त्यानंतर दोनच दिवसांनी हाफ मून बे येथे शेतमजुरांवर गोळ्या झाडून सात जणांना मारणारा सहासष्ट वर्षांचा होता. म्हणजे दुसरी म्हणही खरी!

आणि या सर्वांची सरासरी काढली तर? ती विशीतही येत नाही आणि साठीतही येत नाही. ती तिशी ओलांडून थोडी पुढे येते. ज्या वयाबद्दल भाषेला म्हण सुचली नाही, नेमके ते वय. नॉर्वेत २०११ साली उटोया बेटावर एकोणसत्तर जणांना टिपणारा बत्तीस वर्षांचा होता. त्यांतले बरेचसे कोवळी मुले-मुली होते. आपल्याकडे ३१ जुलै २०२३ रोजी पहाटे जयपूर-मुंबई गाडीत वरिष्ठ सहकारी आणि तीन प्रवासी अशा चौघांना सरकारी बंदुकीने मारल्याचा आरोप ज्याच्यावर ठेवला गेला, तो रेल्वे सुरक्षा दलाचा शिपाईही तिशीतलाच होता. घरचा कर्ता म्हणावा असा.

सरासरी फसवी असते हे आम्ही जाणतो. पंधरा वर्षांचा मुलगा आणि पासष्ट वर्षांचा वृद्ध यांची सरासरी चाळीस येते. पण म्हणून त्या घरात चाळिशीचा माणूस असतोच असे नाही. तरी या आकड्यांतून एक गोष्ट निघते. जागा बदलली की वय बदलते. शाळेत मारणारा बहुधा शाळकरी असतो. कचेरीत किंवा कारखान्यात मारणारा बहुधा मध्यमवयीन, नोकरी गेलेला किंवा जाण्याच्या भीतीत असलेला. प्रत्येक वयाचा माणूस तेथेच परततो, जेथे आपली किंमत झाली नाही असे त्याला वाटते. मुलाला अजून जगात जागा मिळालेली नसते, प्रौढाची मिळालेली जागा सुटू लागलेली असते, वृद्धाची सुटून गेलेली असते. दुखणे एकच, वयानुसार त्याचा पत्ता बदलतो.

येथे थांबून एक मोठी शंका घेतली पाहिजे. असे दुखणे कोणाला नसते? वर्गात ज्याची टिंगल झाली नाही असा मुलगा विरळा, आणि भावकीत ज्याचा अपमान झाला नाही असा प्रौढ त्याहून विरळा. कोट्यवधी माणसे ती कळ सोसतात, रडतात, भांडतात, चार दिवस अबोला धरतात आणि पुन्हा कामाला लागतात. तेव्हा वय हे कारण नव्हे. अपमान हेही पुरेसे कारण नव्हे. अपमान झाला म्हणजे कोणीतरी मेलेच पाहिजे, ही समजूत माणूस जन्मतः घेऊन येत नाही. ती त्याला कोठून तरी मिळते. आमच्या मते खरा नैतिक प्रश्न येथे सुरू होतो: ही समजूत देणाऱ्याचे वय काय?

दूरच्या देशांच्या गोष्टी पुरेत. आपल्या आदिलाबादेत पाहू. १८ डिसेंबर २०२० रोजी शहरातील ताटीगुडा वस्तीत गोळ्या झाडल्या गेल्या. भांडणाला निमित्त काय, तर पोरांचा क्रिकेटचा खेळ. मागे जुने राजकीय वितुष्ट होते असेही सांगितले गेले. पण पोरे भांडली आणि रिव्हॉल्व्हर घेऊन जो रस्त्यावर आला तो पोरगा नव्हता; नगरपालिकेत मोठे पद भूषविलेला, मुलाबाळांचा प्रौढ पुढारी होता. तिघे जखमी झाले. त्यांतील एक नंतर हैदराबादेत मरण पावला. २०२२ च्या जानेवारीत न्यायालयाने आरोपीला जन्मठेप दिली. मृतांची संख्या एक, म्हणून या घटनेला सामूहिक हत्याकांड म्हणता येणार नाही, आणि आम्ही म्हणतही नाही. पण वयाविषयीचा आपला सगळा हिशेब तिने उलटा केला आहे. भांडण बालिश होते आणि शस्त्र प्रौढ होते. मुलांचे भांडण मुलांवर सोडले असते तर एखादी बॅट मोडली असती, दोन-चार शिव्या गेल्या असत्या, आणि आठ दिवसांनी तीच पोरे त्याच मैदानावर दिसली असती.

आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र कायद्याने एकवीस वर्षांखालील व्यक्तीला बंदुकीचा परवाना मिळत नाही. या तरतुदीमागचा विचार स्वच्छ आहे: अपरिपक्व हातात शस्त्र नको. अमेरिकेतील कित्येक राज्यांत अठराव्या वर्षी रायफल विकत घेता येते, त्या मानाने आपला कायदा शहाणा आहे आणि त्याने कितीतरी आयांची कूस वाचवली असेल. परंतु कायद्याला जन्मतारीख तपासता येते, पोच तपासता येत नाही. ताटीगुड्यात वापरले गेलेले शस्त्र परवान्याचे होते.

आता मुंबईकडे वळू. २६ नोव्हेंबर २००८ रोजी समुद्रमार्गे आलेल्या दहा जणांनी त्या शहरात तीन दिवस जो संहार केला त्यात १६६ माणसे गेली. ते दहाही जण विशीतले होते. जिवंत सापडलेला अजमल कसाब तेव्हा एकवीस वर्षांचा होता. खटला सुरू होताना त्याच्या बाजूने असे मांडले गेले की तो अठरा वर्षांखालचा आहे. म्हणून त्याचा खटला या न्यायालयात चालू नये. न्यायालयाने वैद्यकीय तपासणी करविली आणि तो सज्ञान असल्याचा निर्णय दिला. म्हणजे इतक्या मोठ्या खटल्याच्या आरंभी प्रश्न होता तो वयाचा! हाडे आणि दात पाहून न्यायालयाने जे ठरवायचे ते ठरविले, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्याला त्याला फाशी झाली.

पण त्या तीन रात्रींत आणखी एक गोष्ट घडत होती, आणि तिचे ध्वनिमुद्रण पुढे जगाने ऐकले. हॉटेलांतील आणि छाबड हाउसमधील तरुणांना सीमेपलीकडून दूरध्वनीवर सूचना मिळत होत्या. आग लावा, माणसांना ओळीत उभे करा, आता मारा. बोलणाऱ्याच्या आवाजात घाई नाही, संताप नाही. वडीलधाऱ्याने परीक्षेला बसलेल्या मुलाला धीर द्यावा तसा तो आवाज आहे. चापावरचे बोट विशीतले, त्या बोटाला हुकूम देणारा आवाज मुरलेला. त्या आवाजाची हाडे आणि दात तपासायला कोणी पुढे केले नाहीत.

हेच दृश्य, हुकुमाशिवाय, अमेरिकेतील घरांतही दिसते. शाळेत गोळीबार करणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांनी बंदूक बाहेरून आणलेली नसते. ती घरच्या कपाटातली असते. २०२१ च्या ३० नोव्हेंबरला मिशिगन राज्यातील ऑक्सफर्ड येथे पंधरा वर्षांच्या मुलाने शाळेतील चौघांना मारले. ते पिस्तूल त्याच्या बापाने चारच दिवसांपूर्वी विकत घेतले होते. त्या दिवशी सकाळीच शाळेने आईबापांना बोलावून मुलाने काढलेले भयंकर चित्र दाखविले होते. त्यांनी मुलाला घरी नेले नाही. २०२४ साली आई आणि बाप दोघांनाही सदोष मनुष्यवधाबद्दल दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. बेलग्रेडमध्ये ३ मे २०२३ रोजी शाळेत हत्याकांड करणारा मुलगा तेरा वर्षांचा होता. सर्बियाच्या कायद्यानुसार चौदा वर्षांखालील मुलावर फौजदारी खटला चालत नाही. पण त्याला नेमबाजी शिकवायला नेणारा बाप सज्ञान होता.

आईबापांना दोषी धरण्याच्या उत्साहात अन्याय होऊ नये, हेही खरे. कोलंबाइनच्या दोघांपैकी एकाची आई, स्यू क्लेबोल्ड, हिने २०१६ साली पुस्तक लिहिले. आपल्या मुलाच्या मनात काय चालले होते ते आपल्याला कळले नाही, हे ती लपवीत नाही. तेथे बंदुका घरातल्या नव्हत्या. बहुतेक एका ओळखीच्या अठरा वर्षांच्या मुलीच्या हातून मिळाल्या होत्या. सगळे काही नीट करूनही एखाद्या घरातून असा मुलगा निघू शकतो. म्हणून ‘आईबापच जबाबदार’ हे वाक्यही ‘वयच तसे’ या वाक्याइतकेच आळशी आहे.

मग जबाबदारी कोणाची? येथे आमच्यासारख्या जमीनदार आणि वतनदार परंपरेतल्या माणसांची एक अडचण होते. आम्हांला वाटणी ठाऊक असते. चार भावांत शेत वाटले की प्रत्येकाचा तुकडा लहान होतो. पाचवा वारस निघाला तर आणखी लहान. दोषाचेही तसेच असावे असे मनात येते. बापाचा वाटा काढला तर मुलाचा कमी होईल, हुकूम देणाऱ्याचा वाढला तर बोटाचा घटेल. म्हणूनच वडीलधाऱ्यांच्या दोषाची भाषा काढली की कोणी रागावून विचारतो: ‘म्हणजे मारणारा निर्दोष?’ नव्हे. दोष म्हणजे शेत नव्हे. तो वाटल्याने कमी होत नाही. एका दिव्यावर दुसरा दिवा लावला तर पहिल्याचा उजेड घटत नाही, तसेच आगीचेही आहे. कसाबने जे केले ते सारे त्याचे. दूरध्वनीवरच्या आवाजाने जे केले ते सारे त्या आवाजाचे. कोवळ्या वयामुळे शिक्षा कमी करावी की काय, हा न्यायालयाचा प्रश्न आहे. त्यात दयेला जागा आहे आणि असावी. पण बोटाला दिलेली दया हुकुमाच्या खात्यावर जमा होता कामा नये.

२० एप्रिल ही तारीख आम्ही वर लिहिली तेव्हा या जिल्ह्यातील वाचकाचे मन कोलंबाइनला थांबले नसेल. १९८१ च्या २० एप्रिलला, सोमवारी, आठवडी बाजाराच्या दिवशी इंद्रवेल्लीत गोळ्या चालल्या. गिरिजन रयतु कुली संघमची सभा होती; परवानगी नाकारली गेली होती, ते अनेक गोंड स्त्रीपुरुषांना ठाऊकही नव्हते. सरकारी आकडा तेरा मृतांचा. नागरी हक्कांच्या संघटनांनी त्याहून कितीतरी अधिक माणसे गेल्याचे सांगितले. आज तेथे स्तूप आहे. या घटनेची सांगड आम्ही माथेफिरूंच्या कृत्यांशी घालीत नाही. तिची कारणे निराळी आणि तिचा न्यायही निराळा. आमचे म्हणणे इतकेच की त्या दिवशी बंदुका चालविणाऱ्या शिपायांची वये काय होती, हे आजवर कोणी विचारलेले आम्ही ऐकले नाही. गणवेश चढला की बोटाचे वय नाहीसे होते, आणि हुकुमाला तर वय नसतेच.

त्या सभेतील गाऱ्हाणे कोणते होते? जमिनीचे. गोंडांच्या जमिनी बाहेरून आलेल्यांच्या नावावर कशा गेल्या, त्याचे. त्या जमिनींसाठी १९४० साली जोडेघाटला कुमरम भीम मारला गेला होता. १९७० च्या एक-सत्तर कायद्याने वाट बंद करण्यापूर्वी त्या पुष्कळ हातांतून फिरल्या. बाहेरून आलेल्यांत पुष्कळ भाषांचे लोक होते, आणि पैनगंगा ओलांडून आलेली काही मराठी कुळेही होती. आमच्यापैकी कोणी इंद्रवेल्लीत चाप ओढला नाही. परंतु बोट आणि त्यामागचे कारण यांत फरक करायला आम्ही मुंबईच्या बाबतीत शिकलो असू, तर तो आपल्या अंगणातही करावा लागेल. नाहीतर ‘वय काय हो त्याचे?’ हा प्रश्न आपण केवळ दुसऱ्यांच्या मुलांविषयी विचारतो, असे होईल.

चांगदेवाची कथा सर्वांना ठाऊक आहे. चौदाशे वर्षे जगलेल्या त्या योग्याने ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला घेतले. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार, हे त्याला ठरविता येईना. अखेर त्याने कोरा कागद पाठविला. तो पाहून चिमुरडी मुक्ताबाई म्हणाली की इतकी वर्षे जगूनही हा कोराच राहिला. ही कथा सांगताना आपण मुक्ताबाईचे कौतुक करतो. चांगदेवाचे एक कौतुक मात्र राहून जाते. आपल्या मोठेपणाला धक्का लागला, तोही एका पोरीकडून, आणि तो रागाने पेटून उठला नाही. तो शिकायला गेला. परंपरा सांगते की पुढे तीच पोर त्याची गुरू झाली. अपमान झाल्यावर करण्यासारखे दुसरेही काही असते, हे त्या कथेतल्या वृद्धाने दाखविले. वय वाढणे याला जर काही अर्थ असेल, तर तो हाच असावा.

आमच्या काही घरांत भिंतीवर ठासणीची बंदूक टांगलेली असे. ज्वारीत रानडुकरे शिरत, जंगल जवळ होते, त्यामुळे ती लागतही असे. पण तिच्याविषयी मुलांना जे किस्से सांगितले जात, ते रानडुकरांचे क्वचितच असत. कोणत्या आजोबांनी कोणाला कसा दम भरला, शिवेच्या तंट्यात बंदूक नुसती खांद्यावर टाकून गेल्यावर समोरचे कसे पांगले, हे किस्से रंगत. ऐकणारा मुलगा सात-आठ वर्षांचा असे. बंदुका बहुतेक घरांतून गेल्या. किस्से गेलेले नाहीत.

आणि एक वाक्यही गेलेले नाही. शाळेतून किंवा मैदानातून मुलगा रडत आला, कपडे मळलेले, ओठ फुटलेला, तर आजही कित्येक ओट्यांवरून तेच वाक्य ऐकू येते: ‘मार खाऊन घरी यायचे नाही, देऊन यायचे.’ म्हणणारा हसत म्हणतो. ऐकणारे हसतात. त्या हसण्यात कोणाला काही वावगे दिसत नाही, आणि शंभरांतल्या नव्याण्णव मुलांच्या बाबतीत त्याने काही बिघडतही नाही. पण अपमानाचे उत्तर काय असते, याचा पहिला धडा मुलाला तेथे मिळतो, आणि तो देणाऱ्याचे वय गद्धेपंचविशीचे नसते.

म्हणून आमची वाचकांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी अशी बातमी येईल (ती येऊ नये, पण येईल) तेव्हा त्याचे वय जरूर विचारावे. मात्र ते कळल्यावर तेथेच न थांबता आपले स्वतःचे वयही एकदा मोजावे, आणि ओट्यावर रडत आलेल्या मुलाला आपण आज काय सांगणार आहोत ते ठरवावे.